मिस्साची वाइन गोड का असते? कोकणातल्या पावसाळ्यातून मिळणारं उत्तर

रत्नागिरी जिल्ह्यात काय पिकतं ते तुम्हाला सांगायला नको. हापूस, काजू, कोकम, नारळ, सुपारी, रानात जांभळं आणि करवंदं. द्राक्षं मात्र पिकत नाहीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे द्राक्षवेलीला केवडा आणि भुरी इतकी छळतात, की बाग उभी राहणंच कठीण. घाटावर तासगावला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी आणि मग कोरडी थंडी. ते गणित कोकणात बसत नाही.

आणि तरीही याच जिल्ह्यातल्या चर्चमध्ये एक विधी नियमित होतो, जो द्राक्षाच्या वाइनशिवाय होऊच शकत नाही. कॅथलिक लोक त्याला मिस्सा म्हणतात. जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहूनही कमी आहे. पण गोव्याहून वर सरकत आलेली ही वस्ती जुनी आहे. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत मालवण, वेंगुर्ला आणि सावंतवाडीची ख्रिस्ती गावंही रत्नागिरी जिल्ह्यातच होती. आज रत्नागिरी जिल्हा सिंधुदुर्ग धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्याच्या धर्मप्रांतातून वेगळा झाला.

माझ्या पीएचडीचा विषय ॲसेटिक आम्ल तयार करणारे जिवाणू हा आहे. सोप्या भाषेत, माडीचं व्हिनेगर करणारे जीव. त्यामुळे 'चर्चमधली वाइन एवढी गोड आणि कडक का असते?' हा प्रश्न मला कुणी विचारला की मी धर्मशास्त्राकडून नाही, जिवाणूंकडून सुरुवात करते. पण आधी नियम काय आहे ते पाहू, कारण जिवाणूंचा उपद्रव इथे का महत्त्वाचा ठरतो ते त्याशिवाय कळणार नाही.

नियम काय सांगतो

कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत मिस्साच्या वाइनबद्दल थोडक्यात तीन अटी आहेत. ती वेलीच्या फळाची, म्हणजे द्राक्षाची हवी. ती नैसर्गिक हवी, म्हणजे त्यात परका पदार्थ मिसळलेला नको. आणि ती बिघडलेली नको. २००४ मध्ये रोमहून आलेल्या सूचनेत हेच पुन्हा बजावलं आहे, आणि वाइन नीट जपून ठेवली जाईल, आंबट होणार नाही याची फार काळजी घ्यायला सांगितलं आहे.

'लाल हवी' असं यात कुठेही नाही, हे लक्षात घ्या. आपल्या डोक्यात चर्चची वाइन म्हणजे लालच असते, कारण रक्ताशी असलेलं तिचं प्रतीकात्मक नातं. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये लाल वाइनचा आग्रह आहेही. पण कॅथलिक धर्मगुरू कित्येकदा पांढरी वापरतात. कारण अगदी घरगुती आहे: चषक पुसायच्या पांढऱ्या तागाच्या कापडावर लाल डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

'गोड हवी' असंही नियमात नाही. म्हणजे गोडवा धर्माने सांगितलेला नाही. तो कुठून आला?

एका बाटलीचा हिशोब

एक सोपा हिशोब करू. कोकणातल्या बहुतेक ठिकाणी मिस्सात भाविकांना फक्त पवित्र भाकर मिळते, वाइन धर्मगुरू घेतात. (सामान्य भाविकांना चषक न देण्याची पद्धत पाश्चात्त्य चर्चने १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेत पक्की केली. विसाव्या शतकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती सैल झाली, पण रोजच्या वापरात फार ठिकाणी तीच चालते.) म्हणजे एका मिस्साला लागणारी वाइन अगदी थोडी. समजा २० मिलिलिटर.

बाटली ७५० मिलिलिटरची. म्हणजे ३७ मिस्सा.

आता लहान गावातलं एखादं छोटं चर्च डोळ्यांसमोर आणा, जिथे फादर फक्त रविवारी येतात. जूनच्या पहिल्या रविवारी उघडलेली बाटली तिथे फेब्रुवारीत संपेल. मधे अख्खा पावसाळा गेला, गणपती गेले, ऑक्टोबरची उष्णता गेली, नाताळ गेला. वेदीमागच्या खोलीतल्या लाकडी कपाटात, दर रविवारी बूच काढून पुन्हा लावलेली ती बाटली साडेआठ महिने उभी.

तुम्ही कधी साधी टेबल वाइन उघडून आठवडाभर ओट्यावर ठेवली असेल, तर पुढचं सांगायला नको.

आणि हे नुसतं चवीचं प्रकरण नाही. चर्चच्या दृष्टीने व्हिनेगर ही वाइन नव्हेच. चषकात वाइनऐवजी भलतंच काही ओतलं गेलं होतं असं प्रार्थनेनंतर लक्षात आलं, तर धर्मगुरूंना पुन्हा वाइन ओतून ते शब्द पुन्हा म्हणावे लागतात. नाहीतर विधी झालाच नाही असं धरलं जातं. श्रद्धा असणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. बाटलीतला बिघाड तिथे थेट विधीच्या मुळाशी जातो.

बाटलीत नेमकं काय घडतं

माडी काढणारे लोक हे शास्त्र पुस्तकाशिवाय जाणतात. सकाळी उतरवलेली माडी गोड, दुपारी चढलेली, आणि ठेवून दिली तर आंबट. दोन वेगवेगळ्या सूक्ष्मजीवांच्या या दोन पाळ्या आहेत. पहिल्या पाळीत यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल बनवतं. दुसऱ्या पाळीत ॲसेटोबॅक्टरसारखे जिवाणू ते अल्कोहोल हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने ॲसेटिक आम्लात बदलतात. गोव्यात आणि मालवणात स्वयंपाकाला लागणारं व्हिनेगर असंच तयार होतं. हे काम जिवंत जीव करतात हे लुई पाश्चरने १८६० च्या दशकात दाखवून दिलं.

द्राक्षाच्या वाइनचंही हेच. या जिवाणूंना तीन गोष्टी आवडतात: हवा, ऊब, आणि बेताचं अल्कोहोल.

ऊब पाहू. युरोपातल्या तळघराचं तापमान १२-१३ अंश असतं. रत्नागिरीतल्या खोलीचं वर्षभर सरासरी २७-२८. या जिवाणूंना २५ ते ३० अंश सर्वांत मानवतं, म्हणजे आपली खोली त्यांना अगदी मापात बसते. दर दहा अंशांना वेग दुप्पट हा ढोबळ नियम लावला, तर तळघराच्या तुलनेत बिघाड इथे अडीच ते तीन पट वेगाने होतो.

आता हवा. हा हिशोब मला फार आवडतो, म्हणून सविस्तर देते. बाटली निम्मी झाली आहे. म्हणजे ३७५ मिलिलिटर वाइन आणि वर ३७५ मिलिलिटर हवा. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, म्हणजे साधारण ७९ मिलिलिटर. आपल्या तापमानाला हा झाला सुमारे ३.२ मिलिमोल. ऑक्सिजनच्या एका रेणूमागे ॲसेटिक आम्लाचा एक रेणू तयार होतो. तेव्हा जिवाणूंनी हा सगळा ऑक्सिजन वापरला, तर १९० मिलिग्रॅमच्या आसपास आम्ल बनेल. ३७५ मिलिलिटरमध्ये १९० मिलिग्रॅम म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम.

अर्धा ग्रॅम म्हणजे फार का? वाइनमध्ये लिटरला साधारण ०.७ ग्रॅम ॲसेटिक आम्ल झालं, की बऱ्याच लोकांना नाकाला आंबूस वास जाणवायला लागतो. चांगल्या वाइनमध्येही थोडं आम्ल आधीपासून असतंच. म्हणजे निम्म्या बाटलीतल्या एका दमाच्या हवेनेच ती उंबरठ्यापर्यंत पोचते. आणि आपण तर दर रविवारी बूच काढून नवी हवा आत सोडतो आहोत!

हे झालं जास्तीत जास्त किती होईल त्याचं गणित. प्रत्यक्षात काही ऑक्सिजन वाइनमधल्या रंगद्रव्यांत आणि टॅनिनमध्ये खर्च होतो, आणि वाइन बनवणारे टाकतात ते थोडं सल्फाइटही जिवाणूंना आवरतं. पण दिशा तीच. दुसऱ्या बाजूने पाहा: १२ टक्के अल्कोहोलच्या वाइनमधल्या अल्कोहोलचा फक्त शंभरावा भाग आम्लात गेला, तरी लिटरला १.२ ग्रॅम आम्ल होतं. ९९ टक्के अल्कोहोल शाबूत आणि वाइन मात्र गेली.

कोकम सिरप का टिकतं?

आता उपाय. आपल्याकडे फळ टिकवायचे दोन मार्ग घरोघरी माहीत आहेत: मीठ आणि साखर. अमृतकोकम, आंब्याचा मुरांबा, आटवलेला आमरस. साखर इतकी असते की पाणी तिच्यातच अडकतं. सूक्ष्मजीवांना वापरायला मोकळं पाणी उरत नाही. उलट त्यांच्याच पेशींतून पाणी बाहेर ओढलं जातं.

वाइनमध्ये साखरेबरोबर दुसरा रखवालदार असतो: अल्कोहोल. या दोघांचा एकत्रित जोर किती, हे मोजायची एक सोपी रीत रशियन साम्राज्यातल्या डेले या शास्त्रज्ञाने १९११ मध्ये मांडली. तिला डेले एकक म्हणतात. रीत अशी: १०० मिलिलिटरमध्ये किती ग्रॅम साखर आहे तो आकडा घ्या. त्यात अल्कोहोलच्या टक्केवारीची साडेचार पट मिळवा. बेरीज ७८-८० च्या वर गेली, की यीस्ट सहसा पुन्हा काम सुरू करू शकत नाही.

करून बघू.

साधी कोरडी टेबल वाइन: साखर जवळपास शून्य, अल्कोहोल १२.५ टक्के. बेरीज ५६. कमी आहे. इथे यीस्टला खायला साखरच नाही म्हणून यीस्ट शांत असतं, पण जिवाणूंना मोकळं रान.

गोड पण हलकी वाइन: साखर ८, अल्कोहोल १० टक्के. बेरीज ५३. ही सगळ्यांत धोक्याची. खायला साखर आहे, अडवायला काही नाही. कोकणातल्या कपाटात ही पुन्हा आंबायला लागेल, फेस येईल, बूच उडेल. नाताळला घरी केलेल्या वाइनच्या बाटलीचं झाकण 'फट्' करून उडतं ते बहुधा याच हिशोबाने.

कडक गोड वाइन: साखर १०, अल्कोहोल १७ टक्के. बेरीज ८६.५. यीस्ट थंड. आणि १५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल गेलं की ॲसेटोबॅक्टरचीही वाढ खुंटते. दोन्ही दारं बंद.

गंमत म्हणून अल्कोहोल शून्य धरा. मग १०० मिलिलिटरमध्ये ७८-८० ग्रॅम साखर हवी. आपल्या फळांच्या सिरपमध्ये वजनाने ६५ टक्के साखर असते, ती १०० मिलिलिटरला सुमारे ८५ ग्रॅम भरते. म्हणजे डेलेचं सूत्र आपल्या आजीच्या पाकालाही बरोबर लागू पडतं.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. गोड, कडक वाइन चर्चमध्ये रुळली त्यामागे प्रवासात, उष्ण हवेत आणि उघड्या बाटलीत टिकण्याचा तिचा गुण आहे.

मग ती बनते कशी?

टिकाऊ गोड वाइन बनवायच्या दोन जुन्या वाटा आहेत.

पहिली वाट, द्राक्षाचं स्पिरिट मिसळायची. द्राक्षरस आंबायला ठेवला. यीस्ट लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर खाऊन १ टक्का अल्कोहोल बनवतं. समजा रसात लिटरला २४० ग्रॅम साखर होती. १४० ग्रॅम संपली तेव्हा अल्कोहोल ८ टक्क्यांच्या आसपास आलं. आता द्राक्षापासूनच काढलेलं कडक स्पिरिट घालून अल्कोहोल १७-१८ वर नेलं, तर यीस्ट तिथेच थांबतं आणि बाकीची साखर तशीच राहते. म्हणजे गोडवा वरून घातलेला नाही, तो आतलाच उरलेला आहे. पोर्तुगालची पोर्ट याच पद्धतीची. हे 'नैसर्गिक'च्या अटीत बसतं का, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोमकडे गेला होता. उत्तर आलं: चालेल, पण मिसळलेलं स्पिरिट द्राक्षाचंच हवं आणि एकूण अल्कोहोल १८ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. उसाचं स्पिरिट चालत नाही, उसाची साखरही नाही.

इथेच नाताळची घरगुती वाइन बाद होते. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरोघरी मनुका, साखर, मूठभर गहू, दालचिनी आणि यीस्ट घालून जी वाइन करतात ती पाहुण्यांसाठी उत्तम, वेदीवर चालत नाही.

रशियातल्या चर्चची 'कागोर' ही लाल गोड वाइनही पहिल्या वाटेचीच, पण तिच्यात एक पायरी जास्त आहे. साली आणि रस एकत्र ६०-६५ अंशांपर्यंत तापवतात. त्यामुळे सालीतला लाल रंग भराभर रसात उतरतो. मग साधारण १६ टक्के अल्कोहोल आणि १६ टक्के साखर. डेलेच्या सूत्रात घाला: ८८.

दुसरी वाट, द्राक्ष आधी वाळवायची. सायप्रसची कमांदारिया ही प्राचीन गोड वाइन उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची. आणि केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांनी, ताजी द्राक्षं मिळत नसताना, शतकानुशतकं वाळलेली द्राक्षं पाण्यात भिजवून त्यांच्या रसावर आपला विधी चालवला. मनुकांची वाइन कॅथलिक धर्मशास्त्रातही ग्राह्य धरतात, फक्त तिचा रंग आणि चव वाइनची आहे हे ओळखू आलं पाहिजे.

ही वाट मला कोकणासाठी फार रोचक वाटते, कारण रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरच्या पुढे गेलं की सांगली, आणि सांगली-तासगाव म्हणजे बेदाण्याचं माहेर. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तर हिशोब करा. बेदाण्यात ढोबळमानाने ६५ टक्के साखर. एक किलो बेदाण्यातून ६५० ग्रॅम.

यातून दोन लिटर रस केला, तर लिटरला ३२५ ग्रॅम साखर. १३ टक्के अल्कोहोल बनायला २२१ ग्रॅम जाते, १०४ उरते. डेले: ५८.५ अधिक १०.४, म्हणजे ६९. कमी पडलं.

त्याच एका किलोतून दीडच लिटर रस केला, तर लिटरला ४३३ ग्रॅम. १४ टक्के अल्कोहोलला २३८ जाते, १९५ उरते. डेले: ६३ अधिक १९.५, म्हणजे ८२.५. बसलं! एक थेंब स्पिरिट न घालता.

अर्थात हे कागदावरचं गणित. प्रत्यक्षात सगळी साखर भिजून बाहेर येत नाही, आणि एवढ्या गोड रसात यीस्टही कुरकुरत काम करतं. शिवाय बाजारातला बेदाणा वाळायच्या आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवलेला असतो, पिवळ्या बेदाण्याला अनेकदा गंधकाची धुरी दिलेली असते, आणि गंधक यीस्टला मारक. त्यातून हिरव्या-पिवळ्या बेदाण्याची वाइन लाल होणार नाही, मधासारखी होईल. लाल हवी तर काळी मनुका. पण मुद्दा लक्षात आला ना? कमी पाणी घातलं तर टिकते, जास्त घातलं तर बिघडते. पाककृती आणि जीवशास्त्र यात फार अंतर नाही.

'द्राक्षारस' या शब्दाची अडचण

आतापर्यंत मी 'वाइन' म्हणत आले. मराठी बायबल मात्र 'द्राक्षारस' म्हणतं. सुंदर शब्द आहे, पण तो एक मोठा वाद पोटात लपवतो. द्राक्षारस म्हणजे आंबलेला की ताजा? शब्दावरून कळत नाही. आणखी एक गोष्ट: शुभवर्तमानांत शेवटच्या भोजनाच्या वर्णनात वाइनसाठीचा शब्द येतच नाही. येतो तो 'वेलीचं फळ' अशा अर्थाचा.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन मद्यनिषेधवाद्यांनी नेमकं हेच पकडलं. त्यांचं म्हणणं, दारूने घरं बुडत असताना चर्चने प्याल्यात दारू का द्यावी? पण ताजा रस टिकवायचा कसा, ही अडचण होती. १८६९ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड गावी थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने पाश्चरची युक्ती द्राक्षरसाला लावली: बाटलीत भरून तापवायचं, यीस्ट मारायचं. न आंबणारा द्राक्षरस तयार झाला, आणि तोही प्रभुभोजनासाठी. आज जगभर विकला जाणारा बाटलीबंद द्राक्षरस मुळात चर्चसाठी जन्मला.

ही चळवळ महाराष्ट्रातही पोचली. पंडिता रमाबाई अमेरिकेत असताना तिथल्या ख्रिस्ती स्त्रियांच्या मद्यनिषेध संघटनेशी जोडल्या गेल्या, आणि १८८९ च्या आपल्या अमेरिकेवरच्या मराठी पुस्तकात त्यांनी या संघटनेबद्दल लिहिलं. त्यामुळे आज एकाच गावात दोन चर्च असतील, तर एकात आंबलेली वाइन आणि दुसऱ्यात साधा रस असं असू शकतं, आणि दोघेही मराठीत 'द्राक्षारस'च म्हणतील.

कॅथलिक चर्चमध्येही एक अपवाद आहे, आणि तो मला माणुसकीचा वाटतो. दारूच्या व्यसनातून बाहेर आलेल्या धर्मगुरूंनी काय करायचं? रोज एक घोट म्हणजे रोज एक धोका. २००३ मध्ये रोमने सांगितलं, की अशा धर्मगुरूंना बिशपच्या परवानगीने 'मुस्तुम' वापरता येईल. म्हणजे ताजा द्राक्षरस, किंवा गोठवून वगैरे आंबणं थांबवलेला रस, ज्याचं मूळ स्वरूप बदललेलं नाही. आता वरचं डेलेचं गणित आठवा. मुस्तुममध्ये अल्कोहोल जवळपास नाही, साखर लिटरला दोनशेच्या आसपास. बेरीज वीस-बावीस. रत्नागिरीच्या हवेत हा रस एक-दोन दिवसही टिकणार नाही. म्हणजे ज्या धर्मगुरूला सवलतीची सर्वांत जास्त गरज, त्याला लोडशेडिंगच्या गावात चांगला फ्रीझरही लागणार.

कायद्यातलं दार

अल्कोहोल आलं की सरकार आलंच. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. रत्नागिरीत माडीवर जगणाऱ्या भंडारी कुटुंबांना तिची झळ बसली. पण त्याच कायद्यात धर्मगुरूंना विधीपुरती वाइन बाळगायची अधिकृत परवानगी देण्याची सोय होती. अमेरिकेच्या दारूबंदी कायद्यातही अशीच सूट होती, आणि कॅलिफोर्नियातल्या काही वाइनरी त्या तेरा वर्षांत वेदीची वाइन विकूनच तगल्या.

जांभळाची का नाही?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असणार. जांभळाच्या वाइनचा रंग लाल-जांभळा, टॅनिनही भरपूर. जांभूळ, काळं द्राक्ष, करवंद, कोकम, सगळ्यांचा लाल रंग अँथोसायनिन याच घराण्यातला. प्रयोगशाळेत मला या वाइन वेगळ्या ओळखायला उपकरण लागतं. मग अडतं कुठे?

अडतं ते नियमात. कॅथलिक चर्चच्या मते येशूने ज्या वस्तू घेतल्या त्याच घ्यायच्या: गहू आणि द्राक्ष. आफ्रिकेतल्या काही कॅथलिक धर्मतज्ज्ञांनी यावर प्रश्न विचारला आहे. जिथे गहू आणि द्राक्ष दोन्ही बाहेरून आणावी लागतात, तिथे गावच्या मातीतलं धान्य आणि ताडाची वाइन का चालू नये? चर्चने आजवर होकार दिलेला नाही. हा वाद सूक्ष्मजीवशास्त्राने सुटणारा नाही. मी एवढंच सांगू शकते, की या नियमाची किंमत काय आहे. द्राक्ष न पिकणाऱ्या प्रत्येक गावाला ती वस्तू दुरून आणावी लागते, आणि दुरून आणलेली वस्तू टिकवावी लागते. गोडवा आणि कडकपणा हा त्या अंतराचा खर्च आहे.

तुमच्या चर्चमध्ये बाटली असेल तर

शेवटी कामाचं. लेबलवर अल्कोहोलचा आकडा बघा. १५ च्या खाली असेल, तर उघडल्यावर कपाटात ठेवू नका, फ्रिजमध्ये ठेवा. मोठी बाटली उघडली, की लगेच लहान, उकळून कोरड्या केलेल्या बाटल्यांमध्ये काठोकाठ भरून ठेवा आणि एकेक वापरा. वरचा हवेचा हिशोब आठवा, मोकळी जागा नसेल तर ऑक्सिजनही नाही. चषकात काढलेली वाइन परत बाटलीत ओतू नका, तिच्याबरोबर जिवाणूही जातात. वर पातळ साय धरलेली दिसली किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला, तर ती बाटली स्वयंपाकघरात द्या. हा वास इथाइल ॲसिटेटचा असतो, आणि तो आला म्हणजे जिवाणूंची पाळी सुरू झालेली आहे.

आणि पावसाळ्याआधी नवी मोठी बाटली उघडायचा मोह टाळा. जून ते सप्टेंबर लहान बाटल्याच बऱ्या.

पुढच्या लेखात माडीच्या व्हिनेगरमधल्या जिवाणूंच्या जाती कशा ओळखतात ते सांगेन. तोवर प्रश्न असतील तर जरूर विचारा, विशेषतः तुमच्या गावच्या चर्चमध्ये वाइन कुठून येते आणि कशी ठेवतात हे माहीत असेल तर.